ससा जेवत नाही, तेव्हा

ससा पाळणाऱ्या घरांतून प्राण्यांच्या डॉक्टरांना जे फोन जातात, त्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. "काल रात्रीपासून काही खाल्लं नाही त्याने. बाकी ठीक आहे, नुसता कोपऱ्यात बसून आहे. उद्या आणलं तर चालेल ना?"

विचारणाऱ्याचं फारसं चुकत नाही. कुत्र्याने एक वेळ जेवण टाळलं तर आपण म्हणतो, पोट बिघडलं असेल, जरा लंघन झालेलं बरं. मांजर तर रुसूनही जेवत नाही. आणि आपल्या घरात एकादशी, चतुर्थी पाळणारं कुणी ना कुणी असतंच, त्यामुळे एक दिवस उपाशी राहण्याची आपल्याला धास्ती वाटत नाही. ससा मात्र या हिशेबात बसत नाही. दहा-बारा तास ज्याने तोंडात काही घातलेलं नाही, तो ससा आजारी आहे असंच धरायचं. त्याला उद्यावर ढकलायचं नाही.

हे असं का, ते कळण्यासाठी सशाच्या पोटात डोकवावं लागतं. ते पोट कसं चालतं हे एकदा लक्षात आलं, की लक्षणांची यादी पाठ करण्याची गरज उरत नाही.

१. मागे फिरण्याची वाट नाही

आपण पाळतो त्या सशाचं मूळ घर स्पेन-पोर्तुगालकडचं. बाजारात मिळणारा लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र न्यूझीलंड व्हाइट असो की लोंबत्या कानांचा लॉप, सगळ्या पाळीव जाती तिकडच्या एकाच रानसशाच्या वंशातल्या आहेत. (आपल्या माळरानावर गाडीच्या दिव्यात दिसतो तो ससा वेगळा, याचा लांबचा नातेवाईक. तो बिळंही करत नाही.) कोरड्या माळावरचं चरबट, निकस गवत हेच या प्राण्याचं अन्न. असल्या अन्नावर जगायचं तर ते सतत खावं लागतं, थोडं थोडं, दिवसरात्र. त्यामुळे निरोगी सशाचं जठर कधीच रिकामं नसतं. शवविच्छेदनातही त्यात गवत, पाणी आणि थोडे केस सापडतातच.

दुसरी गोष्ट अशी, की सशाला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेलं वर येऊच शकत नाही. आपल्याला काही बाधलं तर शरीर ते बाहेर फेकून मोकळं होतं. सशाला ती सोय नाही. जे गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. पुढची वाट बंद झाली तर मागची उघडत नाही.

यातूनच एक उपयोगी गोष्ट निघते. नसबंदी किंवा दुसरी एखादी शस्त्रक्रिया ठरली, की "आदल्या रात्रीपासून काही देऊ नका" असं कुत्र्या-मांजरांच्या सवयीने सशाच्या मालकालाही सांगितलं जातं. कुत्र्याला भूल देताना उलटीची भीती असते म्हणून त्याला उपाशी ठेवतात. सशात ती भीतीच नाही, आणि उपाशी ठेवण्याचा तोटा मात्र मोठा. तोंडात घास राहू नये म्हणून अगदी आधीचा तास-दोन तास अन्न काढून घेतलं तर पुरे. असा सल्ला मिळाला तर डॉक्टरांना पुन्हा एकदा, नम्रपणे, "ससा आहे" याची आठवण करून द्यावी.

२. पाखडणारं आतडं

गवत छोट्या आतड्यातून पुढे आलं, की मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक विलक्षण गोष्ट घडते. सुपात धान्य घेऊन पाखडताना कोंडा पुढे उडतो आणि दाणा मागे राहतो, तसं हे आतडं आतल्या ऐवजाची वाटणी करतं. गवताचे जाडेभरडे, न पचणारे तंतू पुढे ढकलले जातात आणि काही तासांत गोल, कोरड्या लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि रस उलट दिशेने मागे सारले जातात आणि अंधनालेत जमा होतात.

अंधनाल म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची आंधळी पिशवी. माणसात ती नावापुरती असते. सशात मात्र तिच्याएवढा मोठा अवयव पोटात दुसरा नाही. जठर तिच्यापुढे अगदीच लहान. तिच्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. आत आलेला बारीक चोथा ते आंबवतात आणि त्यातून सशाला ऊर्जा, प्रथिनं, ब गटातली जीवनसत्त्वं आणि के जीवनसत्त्व मिळतं. पण अडचण अशी, की हे सगळं तयार होतं ते छोट्या आतड्याच्या पलीकडे, आणि अन्न शोषून घेण्याचं मुख्य काम तर छोट्या आतड्याचं. म्हणून ससा एक युक्ती करतो. दिवसातून एकदा-दोनदा, शांत वेळी, अंधनालेतला माल मऊ, चकचकीत, चिकट आवरणाच्या छोट्या गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो. ससा मान खाली घालतो, गुदद्वारालाच तोंड लावून त्या गोळ्या न चावता गिळतो, आणि तेच अन्न दुसऱ्यांदा पचवतो. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली हे नीट लिहून ठेवलं. आजही पहिल्यांदा पाहणाऱ्याला किळस येते, आणि काही मालक सशाला त्यापासून परावृत्त करायला जातात. तसं करू नये. ते त्याचं अन्न आहे.

आता या पाखडण्यातली खरी गोम. घरात धान्य पाखडताना कोंडा हा टाकाऊ भाग. सशाच्या पोटात मात्र या कोंड्याच्या जोरावरच सगळं चालतं. न पचणारे लांब तंतू आतड्याच्या भिंतीला डिवचत राहतात, म्हणून आतडं आकुंचन पावत राहतं. ते तंतू कमी पडले, की आतडं मंदावतं. पाव, बिस्किट, पोळी, भिजवलेली डाळ, केळं, गाजर, हे सगळं सशाला आवडतं आणि बहुतेकांच्या घरी ते मिळतंही. त्यात साखर आणि पिष्ट भरपूर, तंतू जवळपास नाहीत. आतड्याला ढकलायला काही मिळत नाही आणि अंधनालेतल्या जिवाणूंना भलताच खुराक मिळतो. सशाची बहुतेक पोटदुखी इथूनच सुरू होते.

३. लेंड्यांची भाषा

ससा पाळणाऱ्यांची एक ओळखायची खूण आहे. चहा घेता घेता ते लेंड्यांविषयी बोलतात. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं, पण ससा स्वतः काही सांगत नाही आणि त्याच्या लेंड्या बरंच सांगतात.

मोठा, निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे कोरड्या लेंड्या सहज टाकतो. त्या जवळपास सारख्या आकाराच्या, गोल, आणि बोटाने चुरगळल्या तर आत वाळक्या गवताचा भुगा दिसतो. मोजत बसण्याची गरज नाही. रोज सकाळी झाडून एका जुन्या भांड्यात गोळा केल्या, की आठवडाभरात आपल्या सशाचं नेहमीचं माप डोळ्यांत बसतं. एखाद्या सकाळी भांडं अर्धंच भरलं तर ते लगेच कळतं.

बिघाडाची सुरुवात बहुधा आकारातून दिसते. लेंड्या लहान होतात, वेड्यावाकड्या होतात, काळपट आणि कडक होतात. केस गळण्याच्या दिवसांत त्या केसाने ओवलेल्या माळेसारख्या एकमेकींना लटकून येतात. एखादी माळ दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण माळा वाढल्या तर गवत आणि पाणी वाढवायला हवं आणि सशाला रोज विंचरायला हवं. लेंड्यांबरोबर पारदर्शक, चिकट आव पडू लागली तर आतड्याला सूज आहे. आणि लेंड्या पडणंच बंद झालं, तर पुढचे भाग वाचत बसू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

एक घोटाळा मात्र वारंवार होतो. सशाच्या शेपटीखाली मऊ, काळा, घाण वासाचा लगदा चिकटलेला दिसतो आणि मालक सांगतात, "जुलाब होतायत." त्याच वेळी पिंजऱ्यात नेहमीच्या कोरड्या लेंड्याही पडलेल्या असतात. असं असेल तर ते जुलाब नव्हेत. ससा आपल्या मऊ गोळ्या खाऊ शकलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेलेट (सशाचं तयार दाणेदार खाद्य) आणि गोडधोड जास्त झाल्याने त्या गोळ्या पातळ आणि बेचव झाल्या असतील. किंवा ससा इतका लठ्ठ असेल की त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. म्हाताऱ्या सशाची पाठ दुखत असेल. औषधापेक्षा आहार, वजन आणि सांधे याकडे बघावं लागतं. पावसाळ्यात मात्र हा लगदा तसाच राहू देणं धोक्याचं: माश्या त्यावर अंडी घालतात आणि दिवसभरातच अळ्या कातडी पोखरू लागतात. पावसाळ्यात सशाचं बूड सकाळ-संध्याकाळ उलटून बघायलाच हवं.

मोठ्या सशाला खरेखुरे, पाण्यासारखे जुलाब क्वचित होतात. झाले, तर ती तातडीची वेळ.

४. पोट थांबतं म्हणजे काय

डॉक्टर ज्याला स्टॅसिस म्हणतात, ते म्हणजे आतड्याची हालचाल मंदावणं किंवा बंद पडणं. हा एक आजार नाही. अनेक वाटा इथेच येऊन मिळतात. तंतू कमी पडणं ही एक वाट. उन्हाळा आणि पाणी कमी पडणं ही दुसरी. तिसरी, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे शरीरात कुठेही होणारी वेदना. दाढ टोचतेय, लघवीत खडे आहेत, पाय मुरगळलाय, काहीही. ससा हा शिकार होणारा प्राणी. वेदना किंवा भीती झाली की त्याचं शरीर पळण्याच्या तयारीला लागतं आणि पचनाचं काम बाजूला पडतं. दिवाळीच्या फटाक्यांनंतर पोट थांबलेले ससे दवाखान्यांत येतात ते यामुळेच. जोडीचा ससा गेल्यावर, घर बदलल्यावर, शेजाऱ्यांचं कुत्रं पिंजऱ्याशी भुंकून गेल्यावरही हेच होतं.

पोट एकदा मंदावलं की चक्र सुरू होतं. ससा खात नाही, पीत नाही. शरीर आतड्यातलं पाणी शोषून घेतं, आतला ऐवज सुकून घट्ट होतो. अंधनालेत नको ते जिवाणू वाढून वायू धरतो. पोट फुगतं, दुखतं. दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. उपासमारीत शरीर चरबी वितळवून यकृताकडे पाठवू लागतं, आणि लठ्ठ सशाचं यकृत त्या चरबीखाली निकामी होऊ शकतं. म्हणूनच घड्याळ इतकं महत्त्वाचं.

पूर्वी याला सरसकट "पोटात केसांचा गोळा झाला" म्हणायचे, आणि अजूनही म्हणतात. उपाय म्हणून अननसाचा रस पाजायचे. ससा स्वतःला चाटतो, त्यामुळे त्याच्या जठरात केस असतातच. पोट चालतं असेल तर ते गवताबरोबर निघूनही जातात. पोट थांबल्यावर पाणी आटतं आणि केस-गवताचा तो लगदा घट्ट होतो. म्हणजे गोळा हा बहुतेक वेळा परिणाम, कारण नव्हे. अननसातला पाचक रस केस विरघळवत नाही. त्याने पोटात साखर मात्र जाते. पण "बहुतेक वेळा" म्हटलं, कारण याला एक अपवाद आहे आणि तो जीवघेणा आहे. त्याकडे पुढे येऊ.

५. दुखणं ओळखायचं कसं

ससा ओरडत नाही, लंगडत फिरत नाही, अंगावर येत नाही. दुखत असलं तर तो गप्प बसतो. रानात आजारी दिसणं म्हणजे घारीच्या नजरेत भरणं.

तरी चेहरा थोडं सांगतो. २०१२ साली न्यूझीलंड व्हाइट सशांच्या चेहऱ्यांचा अभ्यास करून संशोधकांनी वेदनेचं एक मोजमाप मांडलं. त्यात पाच जागा बघायच्या: डोळे किती मिटलेत, गाल किती बसलेत, नाकपुड्यांचा आकार कसा झालाय, मिशा कशा ताठरल्यात आणि कान कुठे वळलेत. निवांत सशाचे गाल गोल असतात आणि डोळे सताड उघडे. दुखणाऱ्या सशाचे डोळे अर्धवट मिटलेले, गाल चपटे, नाक खालच्या बाजूला टोकदार झालेलं, कान मागे ओढून घट्ट दुमडलेले. आपल्या सशाचा तो बरा असतानाचा एक फोटो जवळून काढून ठेवला, तर तुलना सोपी जाते.

बसण्याची ढबही बघावी. पोट दुखणारा ससा पाठ कमानीसारखी करून बसतो, किंवा पोट जमिनीला दाबून धरतो, उठतो, जागा बदलतो, पुन्हा दाबतो. दातांचा आवाज दोन तऱ्हेचा असतो. कुरवाळताना येणारी हलकी, भराभर कुरकुर समाधानाची. एकटं बसून मोठ्याने, थांबून थांबून दात करकरा खाणं वेदनेचं.

६. थांबलं आहे की अडकलं आहे?

मघाशी म्हटलेला जीवघेणा अपवाद म्हणजे आतड्यातला अडथळा. तो समजून घेणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण थांबलेलं पोट आणि अडकलेलं पोट या दोन्हींत करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

साध्या स्टॅसिसमध्ये उतार हळूहळू असतो. काल लेंड्या लहान झाल्या, संध्याकाळी पेलेट उरले, आज सकाळी कोथिंबिरीचंही एकच पान खाल्लं. ससा मलूल असतो, पण हाक मारली तर कान हलवतो. अशा सशाला पाणी, वेदनाशामक आणि हाताने भरवणं मिळालं तर तो बहुधा उठतो.

अडथळ्यात सगळं अचानक होतं. सकाळी ससा खोलीभर उड्या मारत होता. दुपारी कामावरून येऊन बघावं तर आडवा, थंड, बोलावलं तरी न हलणारा. घट्ट वळलेल्या केसांची एखादी छोटी गोळी, गालिच्याचा धागा, किंवा न चावलेली बी जठरापुढच्या अरुंद आतड्यात अडकते. मागून लाळ आणि जठररस येतच राहतात, उलटी होत नाही, आणि जठर फुग्यासारखं ताणलं जातं. बरगड्यांच्या मागे, डाव्या बाजूला पोट टणक लागतं. (दाबून बघू नका, हात ठेवला तरी कळतं.) कान गार पडतात. अशा सशाला काहीही भरवायचं नाही, पोट चोळायचं नाही. टोपलीत टॉवेल घालून, ऊब देत, थेट दवाखाना. इथे बारा तास नाहीत.

दवाखान्यात हा फरक एक्स-रेवर दिसतो. शिवाय कानातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर बघतात. निरोगी सशाच्या रक्तात ती साधारण ७५ ते १५५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. नुसतं पोट थांबलेलं असेल तर ती थोडी वाढते. ३६० च्या वर गेली तर अडथळ्याची दाट शंका घ्यायची. प्राण्यांच्या डॉक्टरांनी साखर मोजली म्हणून "सशाला डायबिटीस झाला का?" असं विचारू नका.

शरीराचं तापमानही बघतात. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सियस, आपल्यापेक्षा जास्त. ते ३८ च्या खाली उतरलेला ससा ताप असलेल्या सशापेक्षा अधिक धोक्यात असतो.

७. एका रात्रीचं गणित

समजा, तुमचा ससा १.८ किलोचा आहे. रात्री नऊला त्याने मेथीची जुडी फस्त केली. सकाळी सातला उठून बघता, तर रात्रीचं गवत तसंच आहे, पाण्याचं भांडं भरलेलं आहे आणि ट्रेमध्ये मिऱ्याएवढ्या आठ-दहा लेंड्या आहेत. घड्याळ कुठून मोजायचं? सातपासून नव्हे, रात्री नऊपासून. म्हणजे दहा तास आधीच झालेत. "ऑफिसातून आल्यावर बघू" म्हटलं तर संध्याकाळी सातला बावीस तास होतील.

म्हणून सातलाच: कान हातात घेऊन बघा. गार असतील तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, सरकता येईल इतकी जागा ठेवून. (मे महिन्यात ससा धापा टाकत असेल आणि कान तापलेले असतील, तर उलट करा. ते उष्माघाताचं लक्षण. कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फात बुडवू नका.) त्याची सगळ्यांत आवडती पालेभाजी नाकाशी धरा. ससा जवळ येतो, पान उचलतो आणि टाकून देतो, तर संशय दातांवर जातो. तोंड वळवतो, तर पोटावर. हे डॉक्टरांना सांगा. आणि निघा. जोडीचा ससा असेल तर त्यालाही टोपलीत घ्या, आजाऱ्याला धीर येतो.

दवाखान्यात सलाईन कातडीखाली किंवा शिरेतून देतात, वेदनाशामक देतात, गरज वाटली आणि अडथळा नसल्याची खात्री झाली तर आतड्याला चालना देणारं औषध देतात. वेदनाशामक हा या उपचारातला मुख्य भाग आहे. दुखणं थांबल्याशिवाय ससा खात नाही.

घरी परतल्यावर भरवायला सांगतील. सशांसाठीची पूड पाण्यात कालवून मिळणारा तंतुमय लापशीसारखा आहार साधारणपणे दिवसाला किलोमागे ५० मिलिलिटर द्यायचा असतो. १.८ गुणिले ५० म्हणजे ९०. पाच वेळांत विभागले तर दर वेळी १८ मिलिलिटर. ती पूड मिळाली नाही तर त्याचेच पेलेट दळून कोमट पाण्यात भिजवलेले चालतात. भरवताना सशाला कधीही उताणं धरू नका. टॉवेलात गुंडाळून चार पायांवर बसवा, पुढच्या दातांमागे बाजूला जी मोकळी जागा असते तिथून सिरिंजचं टोक आत घाला, आणि अर्धा-एक मिलिलिटर सोडून थांबा. तो चावतो, गिळतो, मगच पुढचा घोट. घाई केली तर लापशी श्वासनलिकेत जाते. अठरा मिलिलिटर संपायला वीस मिनिटंही लागतात. त्या वेळात मालकाचाही शर्ट रंगतो.

८. घरातलं औषधाचं कपाट

ते बंदच ठेवा. बाळासाठी आणलेलं ग्राइप वॉटर, ओव्याचा अर्क, बेंबीला लावायचा हिंग, या सगळ्यांमागे माया असते, पण त्यात वेळ जातो. दही-ताकही नको. आपल्या पोटाला जे जिवाणू मानवतात ते सशाच्या पोटातले नव्हेत, आणि मोठ्या सशाला दुधाचे पदार्थ लागत नाहीत.

खरा धोका उरलेल्या प्रतिजैविकांचा. घरात कुणाला तरी घसा धरला म्हणून आणलेलं अमॉक्सिसिलिन पडून असतं, आणि "लहान मुलांना देतात, मग सशाला काय होणार?" असा विचार होतो. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाच्या अंधनालेतले चांगले जिवाणू मारतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लोस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात, विष तयार करतात आणि ससा जुलाबाने दोन-चार दिवसांत मरू शकतो. सशाला चालणारी प्रतिजैविकं वेगळी आहेत; ती डॉक्टरांनीच निवडावीत.

९. पिल्लांचे जुलाब

बाजारातून आणलेलं पिल्लू पुष्कळदा महिन्या-सव्वा महिन्याचं असतं, आईपासून लवकर तोडलेलं. त्याच्या पोटात जिवाणूंची वसाहत अजून बसायची असते. त्यात नवं घर, नवा आहार. या वयात खरे जुलाब होतात आणि ते झपाट्याने जीव घेतात. नेहमीचं एक कारण म्हणजे कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी. दमट हवेत, दाटीच्या पिंजऱ्यांत ते फोफावतात. पिल्लू खातं पण वाढत नाही, पोट सुटतं, विष्ठा पातळ होते, कधी रक्त दिसतं. ताजी विष्ठा डबीत घालून दवाखान्यात नेली तर सूक्ष्मदर्शकाखाली निदान होतं आणि औषधही आहे. या परजीवीची अंडी विष्ठेतून पडल्यावर लगेच बाधत नाहीत, पिकायला त्यांना एखाद-दोन दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज पिंजरा साफ करण्याला एवढं महत्त्व. साध्या फिनेलला ती दाद देत नाहीत. उकळतं पाणी ओतलेलं बरं, अर्थात पिल्लू बाहेर काढून.

१०. रोजचं ताट

फार लिहायला नको. वाळलेलं गवत अमर्याद, रोज निदान सशाच्या अंगाएवढा ढीग. टिमथी गवताची पाकिटं बाहेरून येतात आणि महाग पडतात. आपल्याकडचं पवना, मारवेल, ऱ्होड्स वाळवून दिलं तरी काम होतं, फक्त ते हिरवट, गोडसर वासाचं हवं, बुरशीचा वास आला तर पूर्ण गठ्ठा टाकायचा. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्याला त्यातलं प्रथिन आणि कॅल्शियम जास्त होतं. पेलेट किलोमागे साधारण २५ ग्रॅम, म्हणजे आपल्या १.८ किलोच्या सशाला ४५ ग्रॅम, एक छोटी वाटी. कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, पुदिना, दूर्वा रोज मूठभर, धुऊन. गाजर बोटाच्या पेराएवढं, तेही खाऊ म्हणून. नवं काही सुरू करायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. पाणी बाटलीपेक्षा जड भांड्यात ठेवलं तर ससा जास्त पितो. उन्हाळ्यात २८-३० अंशांच्या वर सशाला त्रास सुरू होतो. पोट टेकायला शहाबादी फरशीचा तुकडा दिला तर तो दुपारभर त्यावर पसरतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करावं. १८०० ग्रॅमचा ससा १७१० वर आला तर पाच टक्के गेले, आणि केसांच्या झुपक्यामुळे डोळ्यांना ते मुळीच दिसत नाही.

११. पुन्हा पुन्हा थांबतं तेव्हा

एकदा बरा झालेला ससा महिन्याभरात पुन्हा जेवायचा थांबला, की दर वेळी पोटावरच उपचार करून भागत नाही. आधी दाढा बघाव्या लागतात. सशाचे सगळे २८ दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चघळण्यातून ते झिजतात. पेलेटवर वाढलेल्या सशाच्या दाढांना अणकुचीदार कडा येतात आणि त्या जिभेला किंवा गालाला कापतात. पुढचे दात अगदी सरळ, सुंदर असतात, म्हणून "दात बघितले, ठीक आहेत" असं म्हटलं जातं. मागच्या दाढा शुद्धीवर असलेल्या सशात पूर्ण दिसत नाहीत. त्यासाठी भूल आणि कवटीचा एक्स-रे लागतो. एका डोळ्यातून सतत पाणी, ओली हनुवटी, कडक गवत सोडून मऊ पानंच निवडणं, ही दाढांची आधीची चिन्हं.

दाढा निर्दोष निघाल्या तर लघवीची पिशवी, म्हाताऱ्या सशात सांधे, नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशय, असा शोध पुढे जातो. या शोधात डॉक्टरांना मालकाची वही फार मदत करते. कधी थांबलं, त्या आठवड्यात काय बदललं होतं, वजन किती होतं. तीन नोंदी शेजारी ठेवल्यावर कधी दिसतं, की प्रत्येक वेळी पेलेटची नवी पिशवी फोडलेली होती. कधी दिसतं, की तिन्ही वेळा केस गळण्याचे दिवस होते. आणि काही घरांत दिसतं, की तिन्ही वेळा पाहुणे मुक्कामाला होते आणि ससा सगळ्यांच्या मांडीवरून फिरत होता.